माशाच्या पोटातला शालिकराम

आमच्या शेजारचा शालिकराम समुद्रावर गेला होता आणि तिथे त्याला माशाने गिळलं, असं मंगरूळपीरच्या बाजारात अजून सांगतात. त्यात थोडी भर माझीही आहे. खरं एवढंच, की शालिकरामने समुद्र पाहिलेला नाही. मासा मात्र होता. बांबूचा, गोणपाटाचा, वरून पत्र्याचे खवले.

मामाच्या अस्थी घेऊन तो नाशकाला गेला, तर तिकडे एका सिनेमा कंपनीने तळ्याचाच समुद्र केलेला. विलायतेतली जुनी दर्यावर्दी कादंबरी घेऊन तिच्यात आपले राक्षस, शाप, उडतं जहाज घातलं होतं. शापाने मासा झालेला राजपुत्र जहाजं बुडवायचा. त्याची शेपटी आतून दोराने ओढायला ताकदीचा गडी हवा होता, आणि शालिकरामचा जन्म वांग्यांच्या मळ्यात मोट हाकण्यात गेलेला. दोन महिने बसला माशात. निघताना मालक म्हणाला, पुढच्या खेळात तुझं तोंड दाखवू.

वर्षभराने तो मूकपट उरुसात तंबूत लागला. शालिकरामने आईला, गोजराबाईला, बैलांच्या दमणीत घालून नेलं. त्या माशात मीच आहे, हे वाटेत तिला पुन्हापुन्हा समजावलं. म्हातारीने सिनेमा कसा असतो ते पाहिलंच नव्हतं. तंबूत बायका कनातीपलीकडे, आम्ही पुरुष अलीकडे.

शेवटी जहाजावरच्यांनी माशाला भाले मारले. लोक टाळ्या पिटायला लागले, आणि कनातीपलीकडून गोजराबाईचा आवाज आला, "मारू नोका रे, त्याच्यात माहा शालिक हाये."

तंबू हसून लोळला. ती त्याचं नाव घेऊन हाका मारतच राहिली. शालिकराम माझ्याजवळ मान खाली घालून बसलेला. लोकांच्या हसण्यापुढे त्याला ओ देण्याची लाज वाटली.

बत्त्या लागल्या. कनातीबाहेर तिने त्याची पाठ, छाती, मान चाचपून पाहिली. घर येईपर्यंत त्याच्या धोतराचा सोगा तिने सोडला नाही.

पुढे कंपनीचं बोलावणं आलं. ती जा म्हणाली. हाच गेला नाही. तेव्हापासून तिने मळ्याच्या पार टोकावरून हाक मारली तरी हा चालती मोट थांबवून ओ द्यायचा. आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. तो तेवढा हसला नाही कधी.

गेल्या पौषात गोजराबाई गेली. तेरावं झाल्यावर विहिरीवर बसलेला दिसला, तेव्हा त्याला जरा हसवावं म्हणून मी म्हटलं, शालिकभाऊ, आता तर बोलपट निघाले, तोंड दिसेल अन् आवाजही ऐकू येईल. जा ना, आता तुले कोण धरून ठेवते?

बैलाच्या मानेवर हात ठेवून तो म्हणाला, "अन् तठी मले कोनी मारलं, तं मारू नोका म्हनीन कोन?"