काचेच्या कपाटातले गुंडे

टोपी धुऊन वाळवली आणि ती सावित्रीअक्कांच्या नातवाच्या डोक्यात शिरेना. धुण्याआधी तीच त्याला व्यवस्थित बसली होती. आता ती टाळूवरच अडकली आणि पोराने भोकाड पसरलं.

रामनगरच्या एका विणकाम केंद्रात मी प्रॉडक्शन सुपरवायझर आहे. लोकर आमची, विणणाऱ्या बायका कुंभारवाडा गावाकडच्या; सावित्रीअक्का त्यांच्यातल्याच. बाळटोप्यांची ही पहिली ऑर्डर होती, बेळगावच्या एका दुकानाची. ती नापास झाली तर कुंभारवाड्याचं काम बंद, असं वरून सांगितलेलं. म्हणजे या बायका परत जंगलातल्या मजुरीला. माल जाण्याआधी एक नग धुऊन पाहायचा, हा माझा नियम. आमच्या मॅनेजरसाहेबांच्या मते हा रिकामा उद्योग.

साहेब मार्केटिंगमधून आलेले. सुई कुठल्या टोकाने धरायची ते ठाऊक नाही, पण मत प्रत्येक टाक्यावर. टोपीची हकीकत ऐकून त्यांनी लगेच उपाय काढला.

"लहान साइजचं लेबल लावा. आणि या बायकांचा हातच घट्ट आहे. पुढच्या वेळी दुसऱ्या बघू."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मी टाके तपासले. विणीत काही चूक नव्हती. मग राहिली लोकर, आणि ती आली होती साहेबांच्या लाडक्या कपाटातून.

त्या कपाटाला काचेची दारं आहेत. ते भरायला साहेबांनी पावसाळ्याआधी स्पर्धा घेतली होती: लोकरीचा सगळ्यांत गोल आणि सगळ्यांत कडक गुंडा कुणाचा. मी नको म्हटलं, तर फोटो चांगले येतात म्हणाले. इकडे बियाण्याचं भात पेंढ्यात घालून, वरून पेंढ्याचीच दोरी आवळून मुडा बांधतात. मुडा सैल राहिला की आत उंदीर जातो, ओल जाते, म्हणून पाय रोवून दोरी ओढायची. बायकांनी लोकरही तशीच ओढली. सावित्रीअक्कांचा गुंडा पहिला आला. त्यांना स्टीलचा डबा मिळाला, साहेबांना फोटो.

लोकर ताणून गुंडाळली आणि महिनोन्‌महिने तशीच ठेवली, की ती ताणलेलीच राहते. विणताना ऐसपैस वाटते. पाणी लागलं की मूळ लांबीवर येते आणि टोपी आटते. कपाटातल्या गुंड्याचा एक धागा मी साहेबांसमोर पट्टीला लावून कापला आणि पाण्यात बुडवला. तो आखडला.

"लोकरच हलकी असेल," साहेब म्हणाले.

मग त्याच लोकरीच्या न गुंडाळलेल्या लडीतला धागा बुडवला. तो होता तेवढाच राहिला. साहेबांना तेवढ्यात महत्त्वाचा फोन आला.

विणलेल्या टोप्या उसवाव्या लागणार होत्या. ते सांगायला कुंभारवाड्याला मीच गेले. सावित्रीअक्कांना राग आला.

"आमचा मुडा कधी सुटला न्हाई, बाई."

"मुड्यातलं भात ताणलं जात नाही, अक्का. लोकर ताणली जाते."

"मग बक्षीस कशाला दिलंसा?"

 मला लाज वाटली, साहेबांच्या वाटणीचीही.

टोप्या उसवल्या, गुंडे सोडले. खुर्चीच्या पाठीवर लोकर फिरवून लड्या केल्या, भिजवल्या, सावलीत वाळवल्या. मग पुन्हा गुंडाळताना दोन बोटं धाग्याखाली ठेवायची आणि वेढे झाले की काढून घ्यायची. बोटांएवढी ढिलाई आत राहते. तयार गुंडे सुती पिशव्यांत भरून खुंटीला टांगले. नव्याने विणलेली टोपी धुतली आणि त्याच पोराला घातली. ती भुवयांपर्यंत आली. पोराने ती काढून भिरकावली, पण त्यात टोपीचा दोष नव्हता. ऑर्डर पास झाली, कुंभारवाड्याचं काम चालू राहिलं.

साहेब मात्र खट्टू होते. कपाट रिकामं झालं होतं, आणि सैल गुंडे त्यांना आजारी दिसत. पाहुण्यांसाठी जुन्यासारखे कडक गुंडे पाहिजेत, असा निरोप त्यांनी माझ्याकडून कुंभारवाड्याला पाठवला. आठवड्याने सावित्रीअक्कांकडून बसने एक पिशवी आली. गुंडे गोल, आखीव, अंगठा रुतणार नाही इतके कडक. एक हातात घेतला तर फारच हलका लागला. लोकर बाजूला सारून पाहिलं. आत भाताचा पेंढा आवळून बांधलेला होता, वरून लोकरीचे चार वेढे.

मी ते सगळे काचेच्या कपाटात पुढेच मांडले. साहेब प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक देतात आणि म्हणतात, "दाबून बघा, ही आमची क्वालिटी."