माझं ताट कोणी उचललं

बाळांनो, त्या हॉटेलला किती तारे द्यायचे असं तुम्ही विचारलंत. बुकिंग तुमच्या फोनवरून झालं, त्यामुळे त्यांचा निरोपही तुमच्याकडेच आला. फोनवर मी ‘छान होतं’ म्हणाले, कारण आजोबा शेजारीच बसले होते. छान नव्हतं. मला अजून राग आहे, आणि राग क्रमाने सांगितला नाही तर तो नुसता चिडकेपणा वाटतो, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी तुम्हाला ठाऊक नसलेली एक गोष्ट. आजोबांचा उजवा हात थरथरतो. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला ते दिसत नाही, कारण तेव्हा ते तो टेबलाखाली ठेवतात. घाबरण्यासारखं नाही, पण जाणारही नाही, असं डॉक्टर म्हणतात. चमचा तोंडाशी येईपर्यंत अर्धा सांडतो, म्हणून ते थोडं थोडं घेतात आणि सावकाश जेवतात. घरी त्याचं काही नाही. बाहेर जेवणं मात्र त्यांनी सोडूनच दिलं होतं. लग्नाला जायचं, अक्षता टाकायच्या, ‘पथ्य आहे’ म्हणून निघायचं आणि घरी येऊन मी खिचडी टाकायची. ज्या माणसाने आपल्या गावी, लासूर स्टेशनला, तरुणपणी वरणाची बादली घेऊन पंगतीच्या पंगती वाढल्या, आग्रह करकरून पाहुण्यांना रडकुंडीला आणलं, तो माणूस मांडवातून उपाशी परत यायचा.

त्यांना खरी लाज वाटते ती शेवटी राहण्याची. सगळ्यांचं झालं आहे आणि सगळे आपल्या ताटाकडे बघत थांबले आहेत, हे त्यांना सोसत नाही. म्हणून घरीसुद्धा मी एक सवय लावून घेतली. पोळीचा चतकोर आणि थोडी भाजी ताटात राखून ठेवायची आणि चिवडत बसायचं. त्यांचा शेवटचा घास गेला की मग माझा. याबद्दल आम्ही दोघं कधी एक शब्द बोललो नव्हतो.

तुम्ही या हॉटेलातलं जेवण भेट म्हणून धाडलंत तेव्हा मला वाटलं, ते नाहीच म्हणतील. पण फोनकडे बघून म्हणाले, “नातवंडांनी धाडलंय, नाय कसं म्हणू?” टेबल चौघांचं, आम्ही दोघंच, म्हणून शेजारच्या आपांनाही घेतलं. त्याच, ज्यांचा शीरखुर्मा तुम्ही लहानपणी वाटी चाटून संपवायचात.

हॉटेल आपल्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, पूर्वी पिठाची गिरणी होती त्याच जागी आहे. गिरणीचा दगड त्यांनी दारात भिंतीला टेकवून ठेवला आहे आणि त्यावर दिवा सोडला आहे. आपलं दळण ज्यावर व्हायचं तो दगड आता शोभेला. आत मात्र इतका अंधार की मेनू वाचता येईना. आपा म्हणाल्या, “भाभी, लाइटका बिल नै भरे क्या ये लोगां?”

आजोबांसाठी मी सोरघम रिसोटो नावाचा पदार्थ मागवला, ज्वारी आहे एवढं समजलं म्हणून. तो पसरट वाडग्यात आला. त्यांनी पहिला चमचा घेतला, थांबले, दुसरा घेतला.

“अगं, ह्या तर कण्या हायेत! माय करायची ताकातल्या. लई दिवसांनी खाल्ल्या बघ.”

आणि त्यांनी दुसरा हातही टेबलावर घेतला आणि वाडगा नीट धरला. किती महिन्यांनी मी त्यांना चारचौघांत असं मोकळं बसलेलं पाहत होते. आपांपुढे नान खलिया आला होता, नानबरोबर मटणाचा रस्सा, तोही वाटीएवढा. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “भाईजान, तुमच्या कण्याकू अंग्रेजी नाव दिये. मेरे खलियेकू तो मारके पानी में डाल दिये!” आजोबा इतके हसले की चमच्यातलं सगळं टेबलावर सांडलं. त्यांनी ते बोटाने बाजूला सारलं आणि पुढे जेवू लागले. लासूरच्या बाजारातल्या गोष्टी सुरू झाल्या.

इथपर्यंत तुमच्या हॉटेलला मी पाचच्या पाच तारे दिले असते.

आपा बोलतात तेव्हा दोन्ही हात हवेत असतात. हात खाली आले तेव्हा ताट नव्हतं. “अगे! मेरी प्लेट किधर गई? बोटी थी उसमें!” काळ्या टी-शर्टातला वेटर तोवर स्वयंपाकघराच्या दारात पोचला होता. मी हसले. हसायला नको होतं, स्वतःच्या ताटावर लक्ष ठेवायला हवं होतं. माझ्या ताटात नानचा चतकोर आणि भाजी राखलेली होती, आणि काटा-सुरी मी एकमेकांपासून दूर, तिरपी ठेवली होती. माझ्या इंग्रजी शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, काटा-सुरी वेगळी असेल तर जेवण चालू आहे, जोडून ठेवली तर झालं. इथला मेनू इंग्रजी, वेटर इंग्रजी बोलणारे, मला वाटलं एवढं त्यांना कळत असेल. मी चष्मा पुसायला पर्समधून रुमाल काढला, तेवढ्यात मागून हात आला आणि ताट उचललं गेलं. “डन ना, मॅम?” हे त्याने जाता जाता विचारलं. मग दुसरा एक जण ओलं फडकं घेऊन आला आणि आमचंच टेबल पुसू लागला. आजोबांच्या वाडग्याभोवतीही त्याने फडकं फिरवलं, सांडलेल्या कण्या गोळा केल्या.

आता त्या लखलखीत टेबलावर एकच भांडं उरलं होतं. आजोबांनी माझ्या समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग आपांच्या. चमचा खाली ठेवला. हात टेबलाखाली गेला.

“झालं माझं,” ते म्हणाले. वाडगा अर्ध्याहून जास्त भरलेला होता.

मी वेटरला बोलावलं. “माझं ताट परत आणा.”

“मॅम, ते टाकून दिलं.”

“मी जेवत होते.”

“पण मॅम, थोडंसंच तर उरलं होतं.”

“ताटात किती उरवायचं ते मी बघीन. तुम्ही विचारायला हवं होतं.”

मग मॅनेजर आला. हसरा चेहरा, कानात फोनचं यंत्र. ताटं लगेच उचलणं ही आमची सर्व्हिस आहे, म्हणाला. आणि मॅम, पुढचं बुकिंगही आहे, गेस्ट बाहेर उभे आहेत. मी त्याला त्याच्याच इंग्रजीत विचारलं, एक माणूस जेवत असताना बाकीच्यांची ताटं काढायची हे तुम्हाला कुठल्या देशात शिकवलं? आमच्या पंगतीत शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कोणी पान सोडून उठत नाही. आपांकडे दस्तरख्वानावर यजमान मुद्दाम घास हातात धरून बसतो. आणि साहेबांच्या देशातही हेच चालतं. मग तुमची ही पद्धत आली कुठून?

शेजारच्या टेबलांवर बोलणं थांबलं होतं. मॅनेजर हसतच म्हणाला, “पण मॅम, सर स्वतःच म्हणतायत, त्यांचं झालं.” आणि त्याने वाडग्याकडे हात नेला.

“हात नका लावू.”

हे आजोबा बोलले. वरणाची बादली घेऊन मांडवाच्या दुसऱ्या टोकाला हाक मारायचे, त्या आवाजात.

“माझं व्हायचंय अजून. हात थरथरतो माझा, म्हणून हळू जेवतो. टाइम लागंल.”

सगळ्या हॉटेलाने ऐकलं. मॅनेजर मागे सरकला. आपा म्हणाल्या, “आरामसे खाओ भाईजान. अपनकू कौनसी गाडी पकडनी है?”

आणि ते जेवले. चमचा वाडग्याच्या कडेला लागून किणकिणत होता आणि तो आवाज त्या शांततेत सगळीकडे जात होता. माझ्यापुढे ताट नव्हतं, तेव्हा हातांचं काय करावं मला कळेना. पुढच्या बुकिंगची मंडळी दारात गिरणीच्या दगडापाशी उभी राहून आत बघत होती. मीही त्यांच्याकडे टक लावून बघत राहिले, शेवटी त्यांनीच नजर वळवली. आजोबांनी वाडगा निपटून काढला, तोंड पुसलं आणि मला हळूच म्हणाले, “आता घरी मुद्दाम मागं राहत जाऊ नको. चतकोर गार होतो तुझा.”

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

पुढच्या महिन्यात देवगाव रंगारीला लग्न आहे. जेवूनच येऊ, असं ते काल म्हणाले. आपा म्हणतात, चांगलंच झालं, बोलून मोकळे झाले. असेल. पण माझा राग गेलेला नाही. हाताचं कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, सांगायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं होतं. चांगल्या हॉटेलात पोटभर जेवायचं म्हणून माणसाला आपलं दुखणं अनोळखी लोकांपुढे मोठ्याने सांगावं लागावं, हे मला मान्य नाही.

शून्य तारे देता येत नाहीत, असं तुम्ही म्हणालात. मग काहीच देऊ नका. पण खाली लिहायला जागा असते म्हणे. तिथे एवढंच लिहा, टेबलावर एक जणही जेवत असेल तोवर कोणाचंच ताट उचलू नका. इंग्रजीत लिहा, म्हणजे ते वाचतील.