माघात पाऊस नसतो, असं मी म्हणाले होते

धाकट्या बहिणीला, ताराला, वर्षभर तोंड दाखवलं नव्हतं. गेल्या माघात तिचा निपाणीजवळच्या गावातून फोन आला, "आक्का, मोबाइलवर पावसाचा निरोप आलाय. कापलेली तंबाखू रानात वाळत पडलीया. गोळा करू काय?" मी बेळगावात, अंगणात उभी राहून वर बघितलं. आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख. म्हटलं, "माघात कुठला गं पाऊस? ऱ्हाऊ दे तशीच." सगळी भावंडं मला विचारूनच पेरत आलेली. अक्षर येत नाही, पण आभाळ कळतं, ही माझी मिजास. संध्याकाळी तिकडं धो धो पडला. पान काळं पडलं. व्यापाऱ्यानं हातात घेतलं, हुंगलं, खाली ठेवलं.

यंदा माघ लागला तशी नातीला म्हटलं, चल, माफी मागून येऊ. तीच हे लिहून घेतेय.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची साधी सरकारी गाडी धरा, दीड-दोन तासांत निपाणी. बायकांना तिकीट शून्य रुपयाचं, पण आधार कार्ड लागतं. कंडक्टर एकदा कार्डावरचा फोटो बघे, एकदा मला. म्हटलं, बाबा, ती बाई मलाही ओळखीची वाटत नाही. वाचलेल्या पैशांत पाव किलो कुंदा, आमच्या बेळगावची खव्याची मिठाई, जास्त घेतला. काकती गाव मागं पडलं की ऊसच ऊस. स्तवनिधीच्या घाटात खिडकीकडं बसा. निपाणीतून पुढं वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. माणशी वीस रुपये, गुडघे आपले आपण सांभाळायचे.

गावाच्या तोंडाशी नवा खांब उभा, वर तीन वाट्या गरगर फिरताहेत. जीपवाला म्हणाला, वारा-पाऊस मोजायचं यंत्र हाय, आज्जी. म्हटलं, वाट्या हायत तर आमटी बी वाढत असंल. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

जेवायला भाकरी, वांगं, लाल चटणी. ताराचा नवरा, अण्णा, समोर बसलेला. बोलण्यात कळलं, तारानं पोरांना सांगितलं होतं की मोबाइल बघायचं तीच विसरली. वर्षभर पोरांची बोलणी खाल्ली, माझं नाव काढलं नाही. मी हातातला घास ताटात ठेवला.

"अण्णा, तिनं इचारलं हुतं मला. मीच नको म्हटलं."

अण्णांनी चटणीवर तेल ओतलं. "ठावं हाय, आक्का. फोन स्पीकरवर हुता. मी हितंच बसलतो."

"मग बोलला न्हाईसा?"

"काय बोलू? मला बी पटलं हुतं."

तारानं भाकरी वाढत म्हटलं, "आता दोघं मिळून पोरांस्नी सांगा."

सांगितलं. ऐकून थोरल्यानं माझ्या पानात कुंदा वाढला.

दुसऱ्या दिवशी रानात गेलो. यंदाचीही तंबाखू कापून पसरलेली. पश्चिमेला जरा ढग होते. तारानं मोबाइल काढला, सुनेकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, आज पाऊस न्हाय. मी शेजारीच उभी होते. पूर्वी कुठला ढग कशाला आलाय ते चटकन उमगायचं. आता पाऊस माघात येतो, मृगात तोंड फिरवतो. त्याच्याशी साठ वर्षांची ओळख, पण परक्यासारखा वागतो.

घरी पोचले त्या संध्याकाळी ताराचा फोन आला. गुडघा कसा आहे, गाडीत जागा मिळाली का, नात दमली का, सगळं विचारलं. आभाळाचं विचारलं नाही. विचारलं असतं तर "ठावं न्हाय गं" म्हणायची तयारी करूनच बसले होते.