कपाच्या काठाची टक्

आतेभाऊ नितीनचा फोन आला तेव्हा मी चहा ओतत होतो. ‘दादा, आई गेली,’ एवढंच म्हणाला. पातेल्याची कड कपाच्या काठाला टेकवलेली, तशीच राहिली… असं टेकवून ओतायला मला सुमनआत्यानेच शिकवलं. आमच्या अख्ख्या खानदानात चहा ओतताना टक् असा आवाज करणारे आम्ही दोघंच. बाकीचे वरूनच धार सोडतात आणि ती नेमकी कपात पडते, हा मला आजही चमत्कार वाटतो.

लहानपणी मी घरातला अधिकृत वेंधळा. झेलायचा चेंडू नाकावर, चहा बशीत. सुट्टीत मखमलाबादला आत्याकडे गेलो की ती झेंडूच्या ढिगापाशी हार ओवायला बसवायची. ‘विल्या, आधी बोटाने सुईचं टोक शोध, मग फूल लाव. नजरेच्या नादी लागू नको.’ मला वाटायचं, सगळेच असं करतात.

खरं काय ते कळलं पुढे कितीतरी वर्षांनी, नितीनच्या पोरांनी हट्टाने सगळ्यांना थ्रीडी सिनेमाला नेलं तेव्हा. पडद्यावरून भाला आला म्हणे. अख्खी रांग वाकली. आत्या आणि मी चष्मे लावून ताठ.

‘विल्या, काय आलं रे?’

‘काही नाही.’

‘मग हे का वाकले? आपणबी वाकू, नायतर बरं नाय दिसत.’

पुढच्या भाल्याला आम्ही वाकलो, पण सगळे सरळ झाल्यावर. मागून कोणीतरी म्हणालं, ‘आजी, पडलं का काही?’

मग डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी एक चित्र दाखवलं. त्यातली माशी कोणाला चांगली वर उठलेली दिसते, कोणाला जराशी. आम्हा दोघांना ती कागदालाच चिकटलेली. लहानपणी दोघंही तिरळे होतो, त्याचा हा परिणाम: वस्तू किती जवळ, किती लांब ते नजरेला कळत नाही. ‘डोळे दोन्ही चांगले आहेत, पण मिळून काम करत नाहीत.’

‘म्हणजे आमच्या दिरांसारखं,’ आत्या म्हणाली, ‘बांध एकच, पण बोलणं नाय.’

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. ‘आज सावलीला पायरी समजून पाय उचलला.’ मग मी माझी फजिती सांगायचो. इतरांना सांगितलं तर ते काळजी करायचे. हसायची ती एकटी. परवा दुकानात सुटे पैसे घ्यायला हात पुढे केला तो दुकानदाराच्या हाताच्या अलीकडेच थांबला. बाहेर येऊन फोन काढला, तिचं नाव शोधलं… आणि परत खिशात ठेवला.

गेल्या रविवारी मखमलाबादला गेलो. नितीनची बायको कामात होती, म्हणून चहा मीच ओतायला घेतला. पहिला कप. टक्.

आतल्या खोलीतून आतोबांचा आवाज आला, ‘उठलीस का गं?’

दुसरा कप मी पातेलं उंच धरून, आवाज न करता ओतायला गेलो. सगळा चहा बशीत.