कुरुंद्याचं ऊन

जगातल्या कोणत्याही संकटाला आमच्या आत्याबाई पहिला नंबर देत नसत. तो त्यांच्या गावासाठी, कुरुंद्यासाठी राखून ठेवलेला असे. कुणाच्या गावात पूर आला, की कुरुंद्याचा ओढा त्याहून मोठा फुगलेला असायचा. कुणाला विंचू चावला, तर कुरुंद्याचा विंचू त्याच्या दुप्पट. उन्हाबद्दल तर बोलायचीच सोय नव्हती. हिंगोलीच्या बाजारात घामाघूम झालेल्या माणसालाही त्या म्हणायच्या, "ह्याला ऊन म्हंतेत व्हय? कुरुंद्याला ये, मंग कळंल." हिंगोली आणि कुरुंदा एकाच जिल्ह्यात, सूर्यही एकच. पण हे त्यांना सांगणार कोण?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. माझं माहेर सेनगावकडचं, शेळ्यामेंढ्या राखणारं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि आता पुस्तकं माळ्यावर जाणार, असं सगळे धरूनच चालले. पहिल्याच सोमवारी आत्याबाईंनी मला चुलीपुढून उठवलं. "भाकरी मी थापते. तू कॉलेजची बस धर." भावकीतल्या बायका हसल्या, तेव्हा त्यांना म्हणाल्या, "तुमच्या सुना थापूनच राहिल्या की. तुमाला कोनतं बक्षीस भेटलं?" मी एम.एस्सी. झाले ती त्यांच्या जिवावर. पुढचं हसत सांगणार आहे, म्हणून हे आधी सांगून ठेवते.

ह्यांना इंग्लंडात नोकरी लागली, मीही गेले आणि तिथं दिवस राहिले. माझ्या आईकडे ना पासपोर्ट, ना शेळ्यांकडे बघायला दुसरं कुणी. "मी येते," आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "हळद शिजून, इकून झाली की." आणि एप्रिलात खरोखरच हिरवं नऊवारी, त्यावर ह्यांचं जुनं स्वेटर आणि बोचक्यात ओवा, वेखंड, डिंक घेऊन त्या विमानतळावर उतरल्या.

त्याच आठवड्यात वादळ आलं. तिकडे वादळाला माणसासारखं नाव ठेवतात. हे कळल्यावर आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "आमी सापाचं बी नाव घेत न्हाई, लांबडं म्हंतो. अन् हे नाव घेऊन बोलवून राहिले. मंग येनारच की!" टीव्हीवर आधीपासून इशारे चालू होते: बाहेर पडू नका, अंगणातल्या वस्तू बांधून ठेवा. वादळानं रस्त्यावर कचऱ्याचे डबे लोळवले आणि शेजारी एकटे राहणाऱ्या गोऱ्या आजोबांचं लाकडी कुंपण आडवं केलं. आजोबा त्याच्याजवळ उभे राहून मान हलवत होते. आत्याबाईंनी खिडकीतून पाहणी केली. "येवढ्यासाठी हा बाबा रडून राहिला? आमच्या कुरुंद्यात वावटळीनं घरावरचे पत्रे दुसऱ्याच्या वावरात जातेत. आमी जाऊन घेऊन येतो."

जुलैच्या सुरुवातीला मला मुलगी झाली आणि आत्याबाईंनी घराचा ताबा घेतला. वरच्या खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. माझ्या कानाला रुमाल, पायात मोजे, प्यायला ओव्याचं कोमट पाणी, तेही घोटभर. बाळाला झबलं, टोपडं आणि वर दोन दुपटी. शेकायला निखारे मिळेनात म्हणून गरम पाण्याच्या रबरी पिशव्या आल्या. धुरीचा बेत मात्र त्यांनी सोडला नाही. तव्यावर ओवा टाकला आणि छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं.

"हे काहून बोंबलून राहिलं?"

"आत्याबाई, त्याला वाटतंय घराला आग लागली."

"मंग सांग त्याला, बाळंतीन हाय घरात."

शेवटी खुर्चीवर चढून त्यांनीच त्या यंत्राला टॉवेल गुंडाळला. बाळाला गुंडाळायच्या तसाच, घट्ट.

मग ती उन्हाची लाट आली. पारा चाळिशीला जाणार म्हणून सगळा देश आधीच घाबरलेला. रूळ वाकतील म्हणून रेल्वे हळू चालली, काही शाळा बंद झाल्या, दुकानांतले पंखे संपले. शेजारचे आजोबा अंगणात बादलीत पाय बुडवून बसले. आत्याबाईंची तर दिवाळीच. "चाळीस? चाळिसाला आमच्याकडं स्वेटर घालतेत!" गावी व्हिडिओ कॉल लावून त्यांनी आजोबांची बादली सगळ्या भावकीला दाखवली. कुरुंद्यात त्या दिवशी इंग्लंडवर मनसोक्त हसून झालं.

एक गोष्ट मात्र त्यांनी हिशोबात धरली नव्हती, आणि पदवी घेतलेल्या मीही नाही: ते घर. कुरुंद्याच्या घराला ओसरी आहे, अंगण आहे, दारात लिंबाची सावली आहे. तिकडची घरं थंडीला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली. खिडक्यांना दुहेरी काचा, खाली गालिचा. आत शिरलेली ऊब बाहेर पडायचं नाव घेत नाही. खिडकी उघडली तर वीतभर उघडते, आणि आमची तर तेवढीही उघडी नव्हती. उष्णता कशी साठते हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलेलं होतं. आता कानाला रुमाल बांधून त्याच आकृतीत बसले होते. एकदा धीर करून म्हटलं, "आजच्या दिवस शेक राहू द्यायचा का?"

"मी मे महिन्यात बाळंत झाले. बाजंखाली निखारे व्हते. मेले का?"

पुरावा समोर धडधाकट उभा होता; मी शेकाची पिशवी पाठीशी घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी प्यायला उठेना. तळव्यांना गुदगुल्या केल्या, गाल चोळला. डोळे उघडेना. अंग तापलेलं, मान सैल. हे कामावर गेलेले. मी खिडकीकडे धावले, तर आत्याबाई खिडकीला पाठ लावून उभ्या.

"न्हाई. वारं लागंल."

"बाहेर वारं नाहीच, आत्याबाई. पोरीकडं बघा तरी!"

"माहं पयलं असंच गेलं," त्या म्हणाल्या.

ह्यांच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मला त्या क्षणी कळलं. मे महिना, बंद खोली, बाजेखाली निखारे. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, म्हणून घसा कोरडा. "लई जीव घाबरला. म्या उठून दार उघडलं. बरं वाटलं. लेकरू बी रडायचं थांबलं. मंग सासू येताना दिसली, तसं लावून घेतलं. दिवस मावळायला लेकरू गेलं. सुईन म्हनली, दार कोन उघडलं व्हतं? वारं लागलं."

मी त्यांना हाताला धरून बाजूला केलं. आयुष्यात पहिल्यांदाच. खिडकी उघडली आणि दवाखान्याला फोन लावला. फोनवरच्या नर्सनं विचारलं, बाळाच्या अंगावर काय काय आहे? मी सांगायला लागले तर यादी संपेना. "सगळं काढा," ती म्हणाली, "गाडी पाठवते. तोवर गार जागी न्या आणि पाजून बघा."

खालचं स्वयंपाकघर त्यातल्या त्यात गार होतं. मागचं दार सताड उघडून मी फरशीवर बसले आणि ओल्या फडक्यानं मुलीचं अंग पुसायला लागले. शेजारच्या आजोबांनी अंगणातून ते बघितलं. काही न विचारता ते आत गेले आणि आपला टेबलफॅन आणून त्यांनी आमच्या दारात ठेवला. सगळ्या कुरुंद्यानं ज्यांना हसून घेतलं, तेच हे आजोबा. काही वेळानं मुलीनं ओठ हलवले, मग ओढायला लागली. गाडीतून आलेल्या बाईनं तपासलं, दवाखान्यातही नेलं. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं.

घरी आलो तेव्हा आत्याबाई जिन्याच्या पायरीवर तशाच बसून होत्या.

"काय झालं व्हतं तिला?"

"गरम झालं होतं."

"नुस्तं गरम?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई डिंकाचे लाडू घेऊन एकट्याच आजोबांच्या दारात गेल्या. भर उन्हाळ्यात डिंकाचा लाडू खाऊन म्हातारा लालबुंद झाला, पण त्यानं दुसराही मागून घेतला. "मानूस चांगला हाय," आत्याबाईंनी निकाल दिला, "ऊन सोसत न्हाई त्याला, काय करंल?"

त्यानंतर कुरुंद्याच्या उन्हाची बढाई बंद झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. झाली नाही. गावी परतल्यावर मात्र त्यांना एक नवीन खोड लागली. कुणाकडं बाळंतीण असली, की आत्याबाई बोलावणं नसताना हजर. आत शिरल्या की आधी खिडकी उघडायच्या, मग पोराचं टोपडं काढायच्या, मग बाळंतिणीपुढं पाण्याचा तांब्या. घरातली म्हातारी भांडायला उठली, की कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "विलायतेत असंच करतेत. तू जाऊन आलीस का?" म्हातारी परत खाली बसायची. गावातली नर्सबाई हेच वर्षानुवर्षं घसा फोडून सांगत होती. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती बिचारी कधी विमानात बसली नव्हती.

आमची शेवटची भेट काही वर्षांनी, मे महिन्यातलीच. आम्ही सुट्टीला आलो होतो. त्यानंतर दिवाळीच्या आधी त्या गेल्या. त्या भेटीत एकदा दुपारी त्या ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगानं फार उतरल्या होत्या, जीभ तेवढी शाबूत होती. मुलगी अंगणातल्या शेळीशी काहीतरी इंग्रजीत बोलत होती. "शेळीला बी इंग्रजी शिकवून राहिली," म्हणून त्या हसल्या, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"पोरी, त्याला बी नुस्तं गरमच झालं असंल का गं?"

कोणाला, हे मी विचारलं नाही. खोटं बोलावं असं मनात आलं. पण मला कॉलेजच्या वाटेला लावलं ते त्यांनीच.

"हो, आत्याबाई. तुम्ही दार उघडलं, ते बरोबर केलं होतं."

त्या अंगणाकडं बघत राहिल्या.

"मंग लावलं काहून मी?"

त्यांनी जराशी वाट बघितली, पदरानं तोंड पुसलं आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. येवढी शिकलीस, अन् येवढं एक सांगता येईना तुला."