तिजोरीमागचा ऐवज

मांजराला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. मांडीवर मुंगसासारखं लांबुळकं जनावर. "फेरेट हाय, पावणं," ते मोठ्यानं म्हणाले. ते दोन दिवस खात नव्हतं. रबर गिळलं असेल तर पोट फाडावं लागणार होतं, म्हणून काय कुरतडलंय ते बघायला, त्यानं घरातून चोरून तिजोरीमागं लपवलेला सगळा ऐवज डॉक्टरांनी आणायला सांगितला होता.

आजोबा एकेक वस्तू तपासून बाकावर मांडत होते. मांजराचं घुंगरू, कुत्र्याचा पट्टा, सुनेची स्लिपर. स्लिपरचं रबर अर्धं गायब होतं. ती त्यांनी हातातच ठेवली. शेवटी कानातलं मशीन निघालं.

"हे कुणाचं?" मला दोनदा ओरडून विचारावं लागलं.

"माझंच की. चार म्हैनं हुडकत हुतो."

"मग घाला की."

"गावल्यावर घातलं हुतं. ह्येनं ते घरभर हुडकलं, मांजराशी भांडलं. मग मीच परत ठिवलं ह्येच्या जागंवर."

चोर कोण आणि मालक कोण, मला कळेना.

आतून डॉक्टरांनी हाक मारली. आजोबा स्लिपरकडंच बघत होते. मी त्यांना हलवणार, तेवढ्यात फेरेटनं मान उचलून दाराकडं पाहिलं.

ते बघून आजोबा उठले.