शेंदूर लावलेला उसासा

दगडूमामा रस्त्यात पालथे पडलेले दिसले, की नवखा माणूस पाणी आणायला धावायचा. आम्ही गल्लीतले वळसा घालून पुढे जायचो. मामा डांबराला कान लावून पाणी ऐकत असायचे. नगरपालिकेतून फिटर म्हणून रिटायर झाले, कान काही रिटायर झाला नाही.

नगरच्या पोटातून जुने खापरी नळ गेलेत. त्यांना हवा मिळावी म्हणून मधेमधे छातीएवढे पोकळ बुरूज बांधलेत, ते उसासे. एक आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. लोक म्हणायचे, हे भुयार, राणी यातून घोड्यावर किल्ल्यात जायची. मामा भडकायचे. "आरं, घोडं कुठलं? मांजर आडकंल त्यात! पानी जायचं, पानी. आन् आजबी जातंय!"

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि उसासा आडवा आला. मामांनी अर्ज केले, साहेबांनी चहा पाजून वाटेला लावलं. "ह्यो पाडला तर नळ मातीनं बुजंल. पानी मेलंच म्हना," मामा म्हणाले. आणि जन्मात देवळाची पायरी न चढलेल्या या माणसाने सकाळी उसाशाला चक्क शेंदूर फासला! मशीनवाला आला, चपला काढून पाया पडला आणि मशीन घेऊन परत गेला. रस्ताच वाकडा झाला.

पण देव बसला की भक्तांना आवरणार कोण? शनिवारी तेल आलं, नारळ आले, मंडळ निघालं. मंडळाने भक्तीच्या भरात उसाशाचं तोंड सिमेंटने बुजवून वर कळस बसवला.

"आयला, मी देव केला आन् ह्यांनी त्याचा गळा दाबला!" मामांनी कपाळावर हात मारला. खरं सांगितलं तर देव जाणार आणि मशीन येणार, न सांगितलं तर नळ गुदमरणार. या घोरानेच ते अंथरुणाला खिळले. "तेवढं तोंड उघड रं," मला म्हणाले.

मी मंडळाच्या बैठकीत उभा राहिलो. "देव स्वप्नात आला. गुदमरतोय म्हणाला."

मग अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "मलाबी आला हुता!"

संध्याकाळपर्यंत कळस उतरला, पितळी जाळी बसली. मामांना सांगितलं तर हसून हसून त्यांना ठसका लागला. "लबाडा, माझ्यावर गेलास की!" त्याच आठवड्यात ते गेले.

शनिवारी रांगेत उभं राहून मी जाळीला कान लावला. खाली काहीतरी खळखळत होतं. नळ की शेजारची गटार, ते मामांनाच कळलं असतं.

"काय म्हनतोय देव?" मागच्या बाईंनी विचारलं.

"आजबी जातंय म्हणतोय," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं.

बाईंनी तेलाची वाटी खाली ठेवली आणि जाळीला कान लावला.